सेकंद मोजणाऱ्या मंडळींनो, एकदा हिंगणघाटला या

प्रति,
राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, नवी दिल्ली,
भारतीय सर्वेक्षण विभाग, डेहराडून,
आणि पुण्या-मुंबईत लेसरनं अणू थंड करत बसलेली सगळी मंडळी यांस,

विषय : आपल्या देशाचं पहिलं फिरतं ऑप्टिकल लॅटिस घड्याळ (प्रकाशाच्या जाळीत अणू धरून वेळ मोजणारं) तयार होईल तेव्हा ते नागपूर-हिंगणघाट या ओळीवर चालवून बघण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी शास्त्रज्ञ नाही. एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं लेव्हल घेतल्या. तिपाईवर डम्पी, म्हणजे उंचसखल बघायची दुर्बीण, बसवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, एक डोळा मिटायचा आणि समोर धरलेल्या स्टाफवरचा, म्हणजे खुणांच्या उभ्या पट्टीवरचा, आकडा वाचायचा. निवृत्तीनंतर मुलीनं मोबाइल घेऊन दिला, त्यात जे सापडेल ते वाचतो. तसंच एकदा तुमच्या घड्याळांबद्दल वाचलं आणि दोन रात्री धड झोप लागली नाही. ती घड्याळं फार अचूक वेळ सांगतात याचं मला विशेष काही नव्हतं. आमच्या गावची एसटी कधी येते ते सांगायला तेवढी अचूकता लागत नाही. झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. ती घड्याळं उंची सांगतात.

का उडाली, ते सांगायचं तर एक जुनी लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीच्या नवव्या की दहाव्या वर्षी वणा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात दोन शेतं चिबडली होती. काळी जमीन, पाऊस उघडून आठ दिवस झाले तरी बैल गुडघाभर फसायचे, पऱ्हाटी पिवळी पडायची. शेतातून नाल्यापर्यंत चारशे मीटरचा चर काढायचं ठरलं. शेताकडच्या लेव्हल मी घेतल्या. नाल्याच्या तळाची लेव्हल जुन्या नकाशावर होतीच, ती तशीच उचलली. माझा बेंच मार्क, म्हणजे जिची उंची ठरलेली आहे अशी खूण, होता रस्त्यावरच्या मोरीचा कठडा. त्यावर तेलरंगात आकडा लिहिलेला होता. मला हे माहीत नव्हतं की जुना कठडा मध्ये कधीतरी ट्रकच्या धडकेनं पडला होता, नवा बांधला तो जुन्यापेक्षा दीड वीत बुटका झाला होता, आणि कुणीतरी प्रामाणिकपणे जुनाच आकडा नव्या कठड्यावर रंगवून ठेवला होता. चारशे मीटरला मी उतार दिला होता वीतभर. चूक निघाली दीड वीत. म्हणजे चर उलटा झाला. पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याचं पाणी चरातून वर चढून शेतात आलं.

मी गेलो तेव्हा त्या शेताचे म्हातारे मालक धुऱ्यावर उभे होते. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर उतार हाये. पन पान्याले कागद वाचता येते का?"

त्या वाक्याला माझ्याकडे आजवर उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे आहे असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

उंची ही मुळातच उधारीची चीज आहे. लांबी दोन खुंट्यांच्या मध्ये असते, साखळी टाका आणि मोजा. उंची मात्र कुणापासून तरी मोजावी लागते. मोरीचा आकडा तालुक्याच्या दगडावरून आलेला, तो दगड नागपूरच्या एखाद्या दगडावरून, आणि तो समुद्राच्या सरासरी पातळीवरून, मैलोन् मैल लेव्हल ओढत आणलेला. मधला एक कठडा बदलला की पुढची सगळी साखळी खोटी, आणि खोटी झाली हे कुणाला कळतही नाही.

नागपूरच्या झिरो माइलचा दगड तुम्हाला माहीतच आहे. लोक तिथं घोड्यांजवळ उभे राहून फोटो काढतात आणि हा देशाचा मध्य आहे म्हणतात. आम्हा लेव्हलवाल्यांना त्या जागेचं मोल वेगळं. तिथं ग्रेट ट्रिगॉनोमेट्रिकल सर्व्हेचा (जीटीएस, इंग्रजांच्या काळातली देशाची मोजणी) 1907 सालचा स्टँडर्ड बेंच मार्क आहे आणि उंची लिहिली आहे 1020.171 फूट. फुटाचा हजारावा भाग! खात्यात लागलो तेव्हा मी तो आकडा देवाच्या नावासारखा पाठ केला होता.

आणि योगायोग बघा. त्याच 1907 साली तिकडे बर्न शहरात पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइनस्टाइननं लिहून ठेवलं की गुरुत्वाकर्षणात जितकं खोल जावं तितकं घड्याळ हळू चालतं. यंत्राचा दोष नव्हे, काळच तिथं हळू सरतो. म्हणजे इकडे नागपुरात उंची दगडात कोरली जात होती आणि तिकडे एक कारकून सांगत होता की उंची घड्याळातही कोरलेली असते. ती बारकाईनं वाचता येईल असं घड्याळ मात्र पुढची शंभर वर्षं कुणाकडे नव्हतं.

फरक किती, ते मी वहीवर मांडून पाहिलं. एक सेंटिमीटर वर गेलं की घड्याळ जे जलद होतं ते एकावर अठरा शून्यं दिल्यावर होणाऱ्या संख्येत एक भाग. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की साधारण सातशे मीटर वर जातो आपण. तिथलं घड्याळ खालच्यापेक्षा दिवसाला साडेसहा नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) पुढे जाईल. चिखलदऱ्याचा माणूस आयुष्यभरात परतवाड्याच्या माणसापेक्षा सेकंदाच्या काही दहा-हजारांश भागानं जास्त म्हातारा होतो. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाला, "मंग तिथली थंड हवा काय कामाची?"

सिझियम अणूच्या जुन्या घड्याळाला हे बारीक काम झेपत नाही. 1967 पासून जगाचा सेकंद सिझियमवर टेकला आहे. त्या अणूची लहर 9,19,26,31,770 वेळा आंदोलली की एक सेकंद. दिल्लीत तुम्ही त्याच जातीच्या घड्याळांवर देशाची वेळ सांभाळता. (त्या वेळेप्रमाणे बारा वाजतात तेव्हा आमच्याकडे सूर्याला माथ्यावर यायला पंधराएक मिनिटं बाकी असतात. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.) नव्या घड्याळात स्ट्रॉन्शियम असतं, दिवाळीच्या अनारात लाल रंग आणणारं तेच. त्याची लहर दृश्य प्रकाशातली, लालभडक, सेकंदाला 429 लाख कोटींहून जास्त आंदोलनं. आमच्या भाषेत, सिझियमच्या स्टाफवर फुटांच्या खुणा आहेत असं धरलं तर स्ट्रॉन्शियमच्या स्टाफवर केसाहून बारीक रेघा आहेत.

पण बारीक रेघा असून उपयोग काय, स्टाफ धरणारा हलत असेल तर? अणू तर सतत पळणारे. ते तुम्ही कसे धरून ठेवता हे वाचलं तेव्हा मला आमची कापसाची लागवड आठवली. भट्टीत तापवून उडवलेले अणू आधी निळ्या लेसरनं अडवायचे, मग लाल लेसरनं इतके थंड करायचे की निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे थंडीच्या शेवटच्या हद्दीच्या, वर अंशाच्या काही दहा-लाखांश भागावर यावेत. आणि मग समोरासमोर सोडलेल्या दोन लेसर किरणांच्या लहरींमध्ये जे खळगे पडतात त्यांत त्यांना बसवायचं. आडवे-उभे किरण टाकले की सरळ चौफुली होते, आणि चौफुलीच्या प्रत्येक फुलीवर सरकी टोबावी तसा अणू टोबलेला. ज्या बाईनं आयुष्यभर चौफुलीवर सरकी टोबली तिला तुमचं ऑप्टिकल लॅटिस समजवायला मला दोन मिनिटं लागली. पदवीधर भाच्याला अर्धा तास लागला.

आता यातली खरी अडचण, आणि त्यावरचा तोडगा, ज्यासाठी मी मनातल्या मनात हात जोडले. अणूला धरणारा प्रकाश अणूला ढकलतोही. अणूच्या दोन पायऱ्या असतात, त्यांमधलं अंतर म्हणजे घड्याळाचा ठोका. धरणाऱ्या प्रकाशानं त्या पायऱ्या वर-खाली सरकतात, मग ठोका खोटा येणार. टोकियोच्या हिदेतोशी कातोरी यांनी 2001 साली यावर उपाय मांडला. प्रकाशाची लांबी अशी निवडायची की दोन्ही पायऱ्या सारख्याच सरकाव्यात. स्ट्रॉन्शियमसाठी ती 813 नॅनोमीटरच्या आसपास निघाली. सरकू देत दोघी, मधलं अंतर तेवढंच राहतं.

साहेब, हे आम्ही रोज करत होतो! यंत्राची दृष्टिरेषा जराशी वाकडी असली तर काय करायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. यंत्र दोन्ही स्टाफच्या बरोबर मधोमध लावायचं. बॅक साइट आणि फोर साइट, म्हणजे मागचं आणि पुढचं वाचन, सारख्या अंतरावर आल्या की चूक दोन्ही वाचनांत सारखी येते आणि वजाबाकीत उडून जाते. यंत्र दुरुस्त होत नाही, पण उत्तर बरोबर येतं. कातोरींनी प्रकाशाची तिपाई मधोमध लावली, एवढंच. कधी भेटले तर हे त्यांना माझ्यातर्फे सांगा.

त्यानंतरची प्रगती तुम्हाला मी काय सांगावी. 2020 साली जाहीर झालेल्या प्रयोगात कातोरींच्या चमूनं अशी दोन घड्याळं प्रयोगशाळेबाहेर काढून एक टोकियोच्या स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि एक 450 मीटर वर ठेवलं. वरचं दिवसाला चार नॅनोसेकंदांहून थोडं जास्त पुढे गेलं, आणि त्यावरून काढलेली उंची मोजलेल्या उंचीशी काही सेंटिमीटरांत जुळली. अमेरिकेत बोल्डरला जुन ये यांच्या चमूनं 2022 मध्ये एकाच घड्याळातल्या अणूंच्या ढिगात, मिलिमीटरभर अंतरात, वरचा काळ आणि खालचा काळ यांतला फरक दाखवला. एक मिलिमीटर! आमच्या स्टाफवर सर्वांत बारीक रेघ पाच मिलिमीटरची असे, त्याच्या आतलं डोळ्यानं अंदाजायचं.

आता माझ्या म्हाताऱ्याकडे परत येतो. हल्ली गावात मोजणीला रोव्हर येतो. काठीवर थाळी, हातात टॅबलेट, पडद्यावर 'फ्लोट' दिसतं ते 'फिक्स' व्हायची वाट बघायची. धुऱ्याचे वाद मिटवायला फार चांगली गोष्ट. तोही घड्याळाचाच खेळ आहे, उपग्रहातल्या अणुघड्याळांचा. नॅनोसेकंद चुकला की जागा फूटभर सरकली. पण रोव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणितातल्या आकारापासून. पाणी त्या आकाराला ओळखत नाही. जमिनीखाली कुठं जड खडक, कुठं हलका, त्याप्रमाणे गुरुत्वाकर्षण बदलतं आणि पाण्याची 'सपाटी' त्याप्रमाणे वाकते. आपल्या देशात या दोन हिशेबांत कित्येक दहा मीटरचा फरक आहे, आणि तो जागोजाग बदलतो. तो फरक नकाशावरून उतरवून घ्यावा लागतो, आणि नकाशा चुकला की पुन्हा माझ्या मोरीची गोष्ट.

घड्याळाचं तसं नाही. पाणी ज्या हिशेबानं वाहतं त्याच हिशेबानं घड्याळ चालतं. दोघंही गुरुत्वाकर्षणाची पातळी बघतात, दुसरं काही नाही. पाणी वाहतं ते जिकडे काळ हळू सरतो तिकडे. हे वाक्य मला लिहिताना तीनदा खोडावंसं वाटलं, कारण ते कीर्तनकाराचं वाटतं. पण तुम्हीच सांगा, यात भौतिकशास्त्राच्या बाहेरचं काही आहे का? पान्याले कागद वाचता येत नाही, बाबाजी, पण घड्याळ वाचता येतं.

म्हणून मागणी. आणि हिंगणघाटच का, तेही सांगतो.

विल्यम लॅम्ब्टन नावाच्या माणसानं 1802 मध्ये मद्रासजवळ साखळी टाकून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. शंभर फुटांची पोलादी साखळी, तीही जमिनीवर नाही, लाकडी पेट्यांत, वर तंबूची सावली आणि शेजारी थर्मामीटर, कारण उन्हानं साखळी वाढते. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला निघाला असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला आणि तिथंच त्याला पुरलं. पुढचं काम एव्हरेस्टनं केलं आणि त्याचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्ब्टनचं नाव आमच्या गावात दहांपैकी नऊ जणांना माहीत नाही, आणि दहावा मी आहे.

झिरो माइलपासून हिंगणघाट पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. युरोपात 2018 साली जाहीर झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात जर्मनांनी आपलं स्ट्रॉन्शियमचं घड्याळ ट्रेलरमध्ये घालून आल्प्समधल्या बोगद्यात नेलं होतं आणि नव्वद किलोमीटरवरच्या तुरीनच्या घड्याळाशी फायबरनं जोडून ताडून पाहिलं होतं. तेव्हा उंचीत सतरा-अठरा मीटरची ढिलाई राहिली. आमच्या खात्यात एवढी चूक केली असती तर घरी पाठवलं असतं, पण पहिली फेरी म्हणून ठीक आहे. आपली ओळ त्याहून आखूड आणि रस्ता सरळ. फायबर म्हणाल तर तो आता ग्रामपंचायतीपर्यंत पोचला आहे. तो तुमच्या कामाचा नसेल हे कळतं, पण खंदक खणून ठेवलेला आहे.

आणि उन्हाचं. मी वाचलं की या घड्याळाला सर्वांत जास्त छळते ती खोलीच्या भिंतींची ऊब. साध्या खोलीतल्या उबेनंच स्ट्रॉन्शियमचा ठोका सेकंदाला दोनेक आंदोलनांनी घसरतो. वहीवर मांडलं तर ही चूक पन्नासएक मीटर उंचीएवढी निघते! ती हिशेबानं वजा करता येते, पण भिंतीचं तापमान एका अंशानं चुकीचं धरलं तरी अर्धा-पाऊण मीटर हातचा गेला. दोनशे वर्षांपूर्वी साखळीजवळ थर्मामीटर ठेवणारा माणूस आणि आज अणूंच्या डबीभोवती थर्मामीटर चिकटवणारे तुम्ही, एकाच धंद्यातले. तर मग घड्याळ मे महिन्यात आणा. पारा 46-47 वर असताना आमच्याकडे ते चाललं तर जगात कुठंही चालेल. कूलरची सोय मी करतो.

माझा गैरसमज नाही. हे घड्याळ कुणाच्या शेताची लेव्हल घ्यायला येणार नाही, त्याला डम्पी पुरते. पण जिल्ह्याजिल्ह्यात एकेक जागा अशी हवी, जिची उंची कठड्यावरच्या रंगावर अवलंबून नाही, दगड उखडला तरी पुन्हा काढता येते. तिथून पुढे आम्ही स्टाफ धरू. सरकारनं 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी मंजूर केले, त्यात अणुघड्याळं आहेत. 2030 च्या आसपास सेकंदाची नवी व्याख्या प्रकाशाच्या घड्याळांवर करायचं जगात चाललं आहे. नवा सेकंद जुन्याएवढाच असेल, आमच्या गावात कुणाला कळणारही नाही, आणि तसंच हवं. पण त्या कामासाठी घड्याळं बनणारच आहेत, तर त्यातलं एक चाकांवर बनवा, एवढंच म्हणतो.

ते येईपर्यंत सर्वेक्षण विभागाला एक वेगळी विनंती. आमच्या भागात जुने जीटीएसचे दगड आहेत. काही रस्ता रुंद होताना मातीखाली गेले, काहींवर लोकांनी शेंदूर लावला. शेंदरावर मी नाराज नाही, शेंदूर लावलेला दगड निदान कुणी उपटत नाही. पण मातीखाली गेलेल्यांपैकी तीन कुठं आहेत ते मला ठाऊक आहे. माझं वय एकाहत्तर. गुडघे दुखतात, तरी जागा पायानं दाखवू शकतो. घड्याळ यायला दहा वर्षं लागली तरी चालेल, दगड बघायला मात्र या हिवाळ्यात कुणाला तरी पाठवा. कापूस वेचून झाला की शेत मोकळं असतं, दिवाळीनंतर महिनाभरानं कळवा.

आणि ते दोन शेतांचं पाणी? चर दुसऱ्या वर्षी पुन्हा खणला, त्या वेळी नाल्याची लेव्हल स्वतः घेतली. आता उतरतं.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा